मुलाची सही

साठीनंतर व्यायाम टिकत नाही तो आळसामुळे, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. गेल्या वर्षी जे घडलं त्यानंतर तर मुळीच नाही.

बँकेतून निवृत्त झाले, गुडघे बोलू लागले, डॉक्टर म्हणाले चाला. सगळ्यांचं होतं तसंच. मैत्रिणीबरोबर रोज पहाटे पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढायचे. पावसाळ्यात दगड निसरडे होतात म्हणून खंड पडला आणि गणपतीत मांडी घालून आरतीची ताटं लावायला बसले, तर उठताना जमिनीवर हात टेकावा लागला. फिजिओथेरपिस्ट बाईंनी स्पष्टच सांगितलं, नुसतं चालून भागणार नाही, मांड्यांत ताकद हवी, वजनं उचला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनाही हेच सांगतात. पासष्टीपुढच्यांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करावा, शिवाय दोन दिवस ताकदीचा आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा.

म्हणून जवळच्या जिममध्ये गेले. डॉक्टरांचं पत्र बरोबर होतं. काउंटरवरच्या मुलाने ते उघडलंसुद्धा नाही. जन्मसाल पाहिलं आणि म्हणाला, "आजी, मुलाची सही लागेल. नाहीतर मिस्टरांची." मी म्हटलं, फॉर्म माझा, शरीर माझं, पैसे माझ्या पेन्शनचे, सही दुसऱ्याची कशाला? त्याने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर म्हणाले, "रिस्क असते ना मॅडम, उद्या काही झालं तर?" माझ्या शेजारी एक पन्नाशीचे गृहस्थ फॉर्म भरत होते. एक जिना चढून त्यांना धाप लागली होती. त्यांना रक्तदाबही कुणी विचारला नाही. आयुष्यभर माझ्या सहीने लोकांचे चेक पास झाले, आणि इथे मला दंड-बैठकांसाठी पालकांचं संमतिपत्र आणायला सांगत होते. मी फॉर्म तिथेच ठेवला. रात्री मुलाला फोन केला तर तो म्हणाला, "आई, स्कॅन करून पाठवतो की, त्यात काय एवढं?" हे मला मॅनेजरपेक्षा जास्त लागलं.

वयाचंच म्हणाल तर, बोस्टनच्या १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वृद्धनिवासातल्या दहा जणांकडून आठ आठवडे वजनं उचलून घेतली होती. वयं ८६ ते ९६. शेवटपर्यंत टिकलेल्या नऊ जणांच्या मांड्यांची ताकद सरासरी अडीच पटींहून जास्त झाली. हे वाचल्यापासून "या वयात कशाला" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

घरी सुरू केलं. हात न लावता खुर्चीतून उठ-बस, ओट्याला धरून टाचा वर, मग एका पायावर उभं राहणं. पण घरात एकटीने होत नाही. कुकरची शिट्टी होते, दाराची बेल वाजते, "उद्या करू" म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही. सोसायटीच्या हॉलमध्ये चौघी जमायला लागलो तेव्हा ते टिकलं. सुरुवातीला मला त्या जिमवाल्यांना दाखवून द्यायचं होतं, राग पुरत होता. राग काही फार दिवस पुरत नाही. "आज का आली नाहीस गं?" हा फोन मात्र पुरतो.

मध्यंतरी आमच्यातल्या एकीला चक्कर आली आणि तिच्या घरचा नंबर कुणाकडेच नव्हता. त्या संध्याकाळी मॅनेजरची भीती मला कळली. आता प्रत्येकीच्या घरचा नंबर आणि चालू गोळ्यांची यादी हॉलच्या कपाटात ठेवली आहे. तरीही नंबर घेणं वेगळं आणि परवानगी मागणं वेगळं, यावर मी ठाम आहे.

पावसाने, आजारपणाने, नातवंडांच्या सुट्टीने खंड पडणारच. पडला तर डॉक्टरांना विचारून निम्म्या वजनाने पुन्हा सुरू करा, आणि एकटीने करू नका. शेजारच्या दाराची कडी वाजवा. बहुतेक ती बाईही कुणीतरी बोलावण्याची वाट पाहत असते.