क्रॉसिंग

लातूरहून उस्मानाबादला रोज रेल्वेने जाणाऱ्याला बायको 'किती वाजता येणार?' असं विचारत नाही, 'येणार ना?' एवढंच विचारते. एप्रिल २०१६ च्या अखेरीस एका सकाळी गाडी ढोकीला थांबली. अर्धा तास झाला, पाऊण झाला. डब्यात नेहमीप्रमाणे रेल्वेचा उद्धार सुरू झाला.

"क्रॉसिंग आहे," खाली उतरून आलेला एकजण म्हणाला. "मिरजेहून पाणी चाललंय लातूरला."

डबा गप्प! पत्ते टाकून सगळे दाराशी. पन्नास टाक्या खडखडत गेल्या. पंचवीस लाख लिटर म्हणे. सर्वांत जास्त शिव्या घालणाऱ्या काकांनी चक्क हात जोडले.

हापिसात साहेबांनी लाल पेन उघडलं. मी कारण सांगितलं. साहेबांचंही बिऱ्हाड लातूरलाच.

"भरलेल्या होत्या ना?" त्यांनी हळूच विचारलं.