बोर्ड गेलेला नव्हता

‘मदरबोर्ड निकामी, बदलावा लागेल.’ दुरुस्तीच्या दुकानाने दिलेल्या कागदावरचा हा शेरा आठवला की आजही डोकं फिरतं. खाली खर्चाचा जो आकडा होता, त्यात जुना पण धड लॅपटॉप आला असता.

२०२४ मधली गोष्ट. करूळ घाट कामासाठी बंद होता, त्यामुळे वैभववाडीहून कोल्हापूरला जायचं तर भुईबावड्याचा घाट चढायचा. शेजारची मुलगी बिघडलेला लॅपटॉप तिकडच्या दुकानात दाखवायला वडिलांबरोबर तसा फेरा मारून आली आणि लॅपटॉप माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, “काका, बोर्ड गेलो म्हणतत.” हार्ड डिस्क गेली म्हणून नवी एसएसडी टाकली होती. पण विंडोज टाकायचं तर पेनड्राइव्हवरून बूट व्हायला हवं, आणि बूट ऑर्डर काही बदलेना. बायोसमध्ये बदल करा, सेव्ह करा, पुन्हा चालू करा, परत जुनंच. डिस्प्ले येत होता, कीबोर्ड चालत होता, पंखा फिरत होता. मग बोर्ड गेला कुठे?

बायोस आणि बूट ऑर्डरसारख्या त्याच्या सेटिंग्ज असतात आठ पायांच्या छोट्या फ्लॅश चिपमध्ये. इथे २५क्यू६४ होती, आठ एमबीची. मी मागचं झाकण काढलं तर चिपवरची कंपनीची काळी पट्टी जशीच्या तशी चिकटलेली. म्हणजे चिपला कुणी हातही लावला नव्हता! तपासणीचे पैसे मात्र घेतले होते. काय तपासलं? पंखा फिरतो की नाही एवढंच? बूट ऑर्डर सेव्ह होत नाही म्हटल्यावर ती कुठे सेव्ह होते, हा पहिला प्रश्न. तो न विचारता थेट बोर्ड बदला म्हणायचं, आणि समोरचा माणूस घाट चढून आलाय, त्याला यातलं काही कळत नाही, हे धरूनच म्हणायचं. याचा मला खरा राग आहे.

बॅटरी सोडवून चिप वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या प्रोग्रामरची क्लिप तिच्यावर लावली. (चिप ३.३ व्होल्टची आहे ना, हे आधी बघा. १.८ व्होल्टच्या चिपला साधा प्रोग्रामर तसाच जोडला तर ती जळू शकते.) दोनदा वाचून दोन्ही फाइली जुळवल्या आणि जपून ठेवल्या, कारण मशीनचा सिरियल नंबर, विंडोजची की असं बरंच काही त्यातच असतं. मग सेटिंग्ज असतात तो भाग पुसायला सांगितलं. सॉफ्टवेअर म्हणालं, झालं. परत वाचलं तर एक बाइटसुद्धा हललेली नाही.

या चिपची हीच गोष्ट अजून थक्क करते. संरक्षित भागावर लिहायला गेलात तर ती नकार देत नाही, तक्रार करत नाही, हुकूम सरळ सोडून देते. खरं काय ते कळायला तिचं स्टेटस रजिस्टर विचारावं लागतं. हुकूम ०५. उत्तर आलं ९सी. उलगडून पाहिलं तर ब्लॉक प्रोटेक्टचे तिन्ही बिट एक, म्हणजे सगळी चिप कुलूपबंद. वर सगळ्यात डावीकडचा बिटही एक. तो एक असताना चिपचा तिसरा पाय, राइट प्रोटेक्टचा, ग्राउंडला असेल तर स्टेटस रजिस्टरही बदलता येत नाही. बोर्डावर तो पाय रेझिस्टरमधून ग्राउंडलाच होता. मशीनच्या आतून हे कुलूप उघडणं शक्यच नव्हतं. माझ्या प्रोग्रामरवर मात्र तोच पाय ३.३ व्होल्टला जोडलेला असतो. ०६ देऊन लेखनाची परवानगी घेतली, स्टेटस ९ई झालं. मग ०१ देऊन शून्य लिहिलं. पुन्हा विचारलं, ००. आता तो भाग पुसला गेला, लॅपटॉप पेनड्राइव्हवरून उठला आणि संध्याकाळपर्यंत विंडोज बसलं.

असं काही घडतं हे जगाला ठाऊक नव्हतं असंही नाही. डिसेंबर २०१७ मध्ये उबुंटू १७.१० या लिनक्स आवृत्तीमुळे कित्येक लेनोवो लॅपटॉपांची अगदी हीच गत झाली होती. कर्नेलमधल्या इंटेलच्या एका ड्रायव्हरमुळे बायोसची चिप फक्त वाचण्यापुरती उरली, सेटिंग्ज सेव्ह होईनात. डाउनलोड थांबवावं लागलं, सुधारलेली आवृत्ती जानेवारी २०१८ मध्ये आली. त्यातली बरीच मशीन दुरुस्त केलेल्या कर्नेलनेच ताळ्यावर आली, बोर्ड न बदलता.

हा लॅपटॉप दुरुस्त केला त्या दिवशी मला वाटलं, ही कुलपं हवीतच कशाला? आता तसं वाटत नाही. २०१८ मध्ये ईसेट या सुरक्षा कंपनीने लोजॅक्स नावाचा घातक प्रोग्राम उघडकीला आणला. तो याच चिपमध्ये जाऊन बसायचा. विंडोज नव्याने टाका, हार्ड डिस्क बदला, तो तिथेच. चिप बंद असती तर त्याला शिरताच आलं नसतं. आणि मी या मुलीची चिप सताड उघडी करून दिली आहे. बूट ब्लॉक तेवढा बंद ठेवून सेटिंग्जचा भाग मोकळा ठेवता येतो, पण कंपनीने कुठला भाग कुठे ठेवलाय याचा नकाशा हातात नसताना अंदाजाने बिट लावायला मी तयार नाही. तो कागद तिच्या वडिलांनी जपून ठेवलाय. स्टेटसच्या आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांचे फोटो जोडून दुकानाकडे तपासणीचे पैसे परत मागितले. अजून उत्तर नाही.