दोनशेवरून हजारावर!

सावकाश चालवलं की लाकूड जळतं! सध्या तीर्थपुरीत जो भेटेल त्याला मी हेच सांगत सुटलोय. उसाची ट्रॉली घेऊन निघालेल्या मित्रालाही सोडलं नाही.

खोटं वाटतं ना? घरी जोडलेल्या छोट्या सीएनसीवर, म्हणजे संगणकाच्या हुकमानं कापणाऱ्या यंत्रावर, एकाच सागवानी फळीत शेजारी शेजारी दोन खाचा मारून बघितल्या. कटर तेच, खोली तीच. पहिलीला फीड, म्हणजे कटर पुढे सरकायचा वेग, मिनिटाला २०० मिलिमीटर, दुसरीला १०००. पहिल्या खाचेत कटर किंचाळत होतं, कडा काळपट पडल्या, करपल्याचा वास सुटला आणि खाली जमली नुसती भुकटी. दुसरीत किंचाळणं बंद! घुमल्यासारखा एकसुरी आवाज, कडा स्वच्छ आणि बारीक का होईना, पण खऱ्या ढलप्या. शेजारच्या सुतारकाकांनी पहिली भुकटी चिमटीत चोळून पाहिली. म्हणाले, "पोरा, हे कापणं न्हाई, घासणं हाय."

आणि फीडचं गणित तर इतकं सोपं की हसू येतं. मिनिटाचे फेरे गुणिले कटरच्या धारा गुणिले एकेका धारेनं उचलायची ढलपी. स्पिंडलचे १०,००० फेरे, २ धारा, ०.०५ मिलिमीटरची ढलपी: झाले १०००. फीड २०० वर ठेवला की प्रत्येक धारेच्या वाट्याला येतो ०.०१. एवढ्यात धार लाकडात शिरतच नाही, वरच्या वर घासत राहते. मग तापणारच की!

पण खरी गंमत मोटारींची. यंत्राचा मेंदू म्हणजे जीआरबीएल. २००९ साली नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरुडनं सुरू केलेली, फुकट मिळणारी आणि आर्डुइनोच्या इवल्याशा बोर्डावर चालणारी प्रणाली. स्टेपर मोटार एका फेरीत २०० पावलं टाकते, ड्रायव्हर त्या प्रत्येकाचे १६ भाग करतो, म्हणजे ३२००. माझा स्क्रू फेरीला ८ मिलिमीटर सरकतो. भागा! मिलिमीटरला बरोबर ४०० पावलं. हा आकडा १०० नंबरच्या सेटिंगमध्ये घातला, १०० मिलिमीटर सरक म्हटलं आणि पट्टी लावली... शंभर! पट्टीवर शंभर बघून माणूस नाचू शकतो, हे मला माहीत नव्हतं.

वेगमर्यादा ११० नंबरला आणि वेग किती झपाट्यानं धरायचा ते १२० नंबरला. मुळात तिथे अवघे १० असतात, म्हणून यंत्र प्रत्येक कोपऱ्यावर आळोखेपिळोखे देत निघतं. मी आकडा चढवत गेलो: ५०, १००, २००. गाडा दर वेळी आणखी चपळ, वळणं टकाटक! पुढे एका आकड्याला मोटार जागच्या जागी थरथरते, गुरगुरते आणि पाऊल चुकवते. त्या बिचारीला पाऊल चुकल्याचं कळतसुद्धा नाही, कारण मागे बघायला तिला डोळाच नाही; ते आपल्या कानांनी हेरायचं. तो आकडा सापडला की त्याच्या १०-२० टक्के खाली यायचं. ही मर्यादा रिकामं पळवून शोधायची, कारण लाकूड मध्ये आलं की दोष मोटारीचा की फीडचा हे कळेनासं होतं. एक्स आणि वाय वेगळे तपासायचे, दोघांवरचा भार सारखा नसतो.

आता बाभूळ! सागवानापेक्षा कठीण, म्हणून ढलपी ०.०३ धरली, म्हणजे फीड ६००. फळी रंधून ठेवलीय, लाइट आली की लावतो.