सड्यावरची गुरं

कोकणात जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, माती बोटभर, कुठे तेवढीही नाही. तरी मृग बरसला की गवत उठतं आणि गणपतीपर्यंत गुरांना मान वर करायची सवड नसते. सातबाऱ्यावर मात्र अशी जागा पोटखराब्यात. सडा नापीक ठरवायचा असेल तर पाहणी श्रावणात करावी, वैशाखात नव्हे.

*

पावसाळ्यात खाली मळ्यात भात उभं, म्हणून गुरं वर आणि मागे राखणदार. भात कापलं की गुरं खाली, धसकटांवर. सड्यावर खाल्लेलं गवत शेण होऊन भातखाचरात उतरतं. वरच्या कातळावर खालची शेती पोसली जाते. 1948च्या कूळकायद्याने वरकस जमिनीची व्याख्या केली ती भाताला राब पुरवणारी जमीन म्हणून. राबाची दखल घेतली, शेणाची नाही.

*

इथली गाय कोकण कपिला. बुटकी, काटक, दूध बेताचं. चढ, पाऊस, हलका चारा सगळं सोसते. देशी जात म्हणून राष्ट्रीय नोंदणी झाली 2018च्या सुमारास. तोवर नुसतीच ‘गावठी’.

*

महसूल संहितेच्या (1966) कलम 22नुसार जिल्हाधिकारी गावच्या गुरांसाठी सरकारी जमीन राखून ठेवू शकतात. सर्वोच्च न्यायालयाने 2011मध्ये जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सांगितलं. देशावर गायरान म्हटलं की हाच विषय. रत्नागिरीत गुंता निराळा: पुष्कळसा सडा खाजगी, चराई चालत आली ती गावरीतीने. मालकानेच बेडं लावून वाट अडवली तर तक्रार कोणाविरुद्ध?

*

1990पासून रोजगार हमीतून फळबागा आल्या. कातळात सुरुंग, खड्ड्यात आणलेली माती, त्यात हापूस. पैसा आंब्यातच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण बागेमागोमाग गडगा येतो, आणि गडग्याने गुरांची वाट तुटते.

*

उक्षी, कशेळी, बारसूची कातळशिल्पं 2022मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. त्यांतली काही गावकऱ्यांना आधीपासून ठाऊक होती; गुरांमागची रोजची वाटच ती. माडबनचा सडा अणुप्रकल्पासाठी पडीक ठरला, तेव्हा तिथल्या लोकांनी सांगितलं: इथे आमची गुरं चरतात.

*

राखणीला आता माणूस मिळत नाही, तरणी पोरं मुंबईला. पावसात मोकाट गुरं महामार्गावर येऊन बसतात, कारण चिखल नसलेली जागा तेवढीच. कोंडवाड्याचा कायदा 1871चा आहे, अजून चालतो. कोंडवाडे किती गावांत उभे आहेत, ते जाता-येता पाहावं.