गल्ल्याखालचा टेपरेकॉर्डर

अंबाजोगाईच्या बाजारपेठेतील आमच्या कापड दुकानात, १९८० च्या दशकात, माझा धाकटा भाऊ गल्ल्याखाली टेपरेकॉर्डर ठेवीत असे. दुपारी गिऱ्हाईक नसले की त्यावर बीटल्स व पिंक फ्लॉइड यांची गाणी वाजत. औरंगाबादला शिकत असताना त्याला लागलेला हा नाद. तीन-चार मित्र जमत आणि १९७३ चा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ श्रेष्ठ की १९७९ चा ‘द वॉल’, यावर तावातावाने वाद चाले.

मी एम.कॉम. होऊन बँकेत नुकताच लागलो होतो. “शब्द कळत नाहीत, ते संगीत कसले?” असा शेरा मारून मी विषय संपवीत असे. तो एकदा म्हणाला, “दादा, जॉर्ज हॅरिसनने १९६८ मध्ये मुंबईला एचएमव्हीच्या स्टुडिओत येऊन ‘दि इनर लाइट’ची वाद्यसाथ आपल्या वादकांकडून करून घेतली आहे. एवढे तरी ऐका.” मी ऐकले नाही. वडील रागावत, तेव्हाही त्याची बाजू घेतली नाही. काही वर्षांपूर्वी तो निवर्तला.

२०२३ च्या दिवाळीत पुतण्या पुण्याहून मित्रासह आला. त्याच महिन्यात बीटल्सचे ‘नाऊ अँड देन’ प्रसिद्ध झाले होते आणि दोघांचे त्यावरून जुंपले होते. जॉन लेननने १९७० च्या दशकाच्या अखेरीस घरीच पियानोवर गाऊन ते कॅसेटवर घेतले होते. १९८० मध्ये त्याची हत्या झाली. १९९५ मध्ये इतर तिघांनी ते पूर्ण करू पाहिले. परंतु आवाज पियानोखाली दबलेला होता, म्हणून काम सोडून दिले. २००१ मध्ये हॅरिसनही गेला. पुढे संगणकाने आवाज वेगळा काढणे साधले, तेव्हा उरलेल्या दोघांनी ते पुरे केले. हॅरिसनची १९९५ ची गिटारही त्यात आहे.

मित्राचे मत, की अपुरे होते ते अपुरेच ठेवायचे होते. पुतण्या म्हणे, मित्राचे राहिलेले काम मित्रांनी केले, यात वावगे काय? मग त्याने विचारले, “मोठे काका, तुम्हांला काय वाटते?”

मी उठून कपाटातून भावाच्या कॅसेटी आणल्या. एकीवर गाण्यांच्या मध्ये दुकानातला वाद चुकून मुद्रित झालेला होता. परंतु पंख्याच्या घरघरीत काहीच उमगत नसे. पुतण्याने ती पुण्याला नेली. महिन्याभराने आवाज स्वच्छ करून मोबाईलवर पाठविला.

त्यात भावाचे हसणे होते. मित्रांचा कलकलाट होता. आणि मध्येच एक रुक्ष आवाज आला: “शब्द कळत नाहीत, ते संगीत कसले?” त्यानंतर भाऊ काही बोललेला नाही. फक्त बटण दाबल्याचा आवाज आहे.

चाळीस वर्षे हिशेब तपासण्यात गेली. ही नोंद मात्र माझ्याच हातची होती आणि ती आता दुरुस्त होणारी नव्हती.

त्या रात्री मी ‘दि इनर लाइट’ दोनदा ऐकले. आवडले. ‘द वॉल’ अजून पचत नाही. पुतण्याला तसे कळविले, तर त्याचा लगेच फोन आला. पाऊण तास आम्ही वाद घातला. फोन मी आधी ठेवला नाही.