मानमोडी

आमच्या परसात कोंबड्या आहेत, हे आम्ही चारचौघांत सहसा सांगत नाही. वडोद्याच्या आमच्या मराठी वस्तीत या बाबतीत दोन पक्ष आहेत. ज्यांच्या घरी रविवारी रस्सा शिजतो ते अंड्यांची चौकशी करतात, आणि ज्यांच्या घरी तो शिजत नाही ते आमचा कोंबडा पहाटे नेमका किती वाजता आरवतो याची. दोन्ही चौकश्या आता अंगवळणी पडल्या आहेत. परंतु २०१७ सालच्या फेब्रुवारीत आमच्या खुराड्यात जे घडले, ते मात्र आजवर आम्ही कोणाजवळ धडपणे बोललो नाही.

त्या वेळी आमच्याकडे अकरा कोंबड्या आणि एक कोंबडा होता. बहुतेक अंकलेश्वर जातीच्या. भरूच-नर्मदा भागातली ही मूळची गावठी जात, अंगाने लहान पण काटक. त्यांचे सारे आमच्या मातोश्रींकडे. आमचा संबंध अंडे ताटात आले म्हणजे येई. मातोश्रींचे शिक्षण चौथीपर्यंतचे. पण कोंबडीचे दुखणे ओळखण्याची त्यांची एक रीत होती आणि ती आम्ही नंतर पुष्कळ उशिरा शिकलो. सकाळी खुराड्याचे दार उघडले की सर्वांत शेवटी कोण बाहेर येते, ते पाहायचे. दाणे टाकण्यापूर्वी गळ्याखालची अन्नाची पिशवी हाताने चाचपायची. रात्रभरात ती रिकामी व्हायला हवी. सकाळीही ती दगडासारखी टणक लागली तर अन्न तुंबले म्हणून समजावे. तुऱ्याचा रंग पाहायचा आणि शिट पाहायची. पिल्लांच्या शिटेत रक्त दिसले तर ती रक्ती हगवण. ओल्या जमिनीत ती बळावते आणि वेळीच औषध दिले तर पिल्ले वाचतात. तुऱ्यावर खपल्या धरल्या तर देवी. त्या डासांमुळेही पसरतात. रात्री बत्ती घेऊन बसायच्या दांडीच्या खालच्या फटी पाहायच्या, कारण रक्त पिणारे तांबडे गोचीड दिवसा तेथे दडून बसतात.

एवढे सारे पाहायचे, कारण कोंबडी आपले दुखणे लपविते. कळपात जी दुबळी दिसेल तिला इतर टोचतात. म्हणून अंगात त्राण आहे तोवर ती दाणे टिपल्यासारखे करते, आणि आपल्याला ती आजारी दिसते तेव्हा बहुधा पुष्कळ वेळ निघून गेलेला असतो.

एका मंगळवारी तांबूस रंगाची एक कोंबडी बाहेर आली नाही. पिसे फुलवून कोपऱ्यात बसून होती. सौ. म्हणाल्या, "अहो, खुडूक झाली असेल." पण खुडूक कोंबडीला हात लावला तर ती चिडते, कुरकुरते, हिने डोळेही उघडले नाहीत. बुधवारी ती उठली ती झोकांड्या खात, आणि संध्याकाळी तिची मान एका बाजूला पिळल्यासारखी वळली. आईने पदराला हात पुसले आणि म्हणाली, "अरे, ही मानमोडी आहे. बाकीच्या डालून ठेव, आणि गल्लीत सांगून ये."

येथे आमच्यातला मराठीचा एम.ए. जागा झाला. मानमोडी म्हणजे १९१८ साली आलेली इन्फ्लुएंझाची साथ, जिने आपल्याकडे लक्षावधी माणसे नेली. त्या साथीला लोकांनी दिलेले ते नाव, असे आम्ही आईला समजावून सांगितले. कोंबड्यांना मानमोडी होत नसते! आई काही बोलली नाही.

आमचे निदान निराळे होते आणि ते ग्रंथाधारित होते. जावा बेटावर आइकमन नावाच्या डच वैद्याने १८९० च्या दशकात पाहिले की, पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्या लुळ्या पडतात आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की त्या चालू लागतात. त्यातूनच पुढे जीवनसत्त्वांचा शोध लागला आणि १९२९ साली आइकमन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आमच्या घरी उरलेला सुरती कोलमचा भात कोंबड्यांनाच जातो. तेव्हा निदान झालेच की! आम्ही कोंडा आणला, बी-कॉम्प्लेक्सचे थेंब आणले, आणि आइकमनच्या थाटात दोन दिवस वाट पाहिली.

शुक्रवारी आणखी दोन पडल्या. त्या चोच उघडून धापा टाकत होत्या, हिरवट पाण्यासारखे हगत होत्या. एकीने कवच नसलेले अंडे घातले. औषधाच्या दुकानातून कोणाच्या तरी सल्ल्याने प्रतिजैविकाची पूड आणून ती पाण्यात कालविली. पुढल्या बुधवारपर्यंत बारांपैकी नऊ गेल्या, कोंबडाही गेला. जी मंडळी त्याच्या आरवण्याची वेळ विचारीत, त्यांनी त्या आठवड्यात काहीच विचारले नाही.

पशुवैद्य आले ते तेव्हा, कारण बोलावले तेव्हाच. त्यांनी एका कोंबडीची मान पाहिली, शिट पाहिली आणि म्हणाले, "राणीखेत." मग आमचे आडनाव आठवून त्यांनी मराठीतून भर घातली, "तुमच्यात मानमोडी म्हणतात ना?"

एका शब्दाचे दोन अर्थ असतात आणि आम्हांला त्यांतला एकच ठाऊक होता, ही गोष्ट तीस वर्षे भाषा शिकविणाऱ्याला फारशी सुखाची नव्हे. आई दारातच उभी होती.

हा रोग १९२६ साली जावामध्ये आणि इंग्लंडात न्यूकॅसल येथे प्रथम ओळखला गेला. पुढे लवकरच तो कुमाऊँतील राणीखेत येथे आढळला आणि आपल्याकडे तेच नाव रूढ झाले. तो विषाणूचा रोग. एकदा जडल्यावर त्याच्यावर औषध नाही. प्रतिजैविक विषाणूवर चालत नाही, आणि कोंडा तर नाहीच नाही. उपाय एकच, आधी लस टोचणे. तीही त्याच कुमाऊँतल्या मुक्तेश्वरच्या संशोधनसंस्थेत १९४० च्या दशकात तयार झाली. लहान पिल्लाला पहिल्या आठवड्यात डोळ्यात वा नाकात थेंब, आणि आठ आठवड्यांच्या सुमारास टोचणी. इतके साधे आहे हे.

साधे नव्हते ते दुसरेच. "गल्लीत सांगून ये," असे आई बुधवारी म्हणाली होती. आम्ही गेलो नाही. आपले निदान निराळे असल्यामुळे गेलो नाही, असे आम्ही पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो. ते खरे नाही. २००६ च्या फेब्रुवारीत येथून फार दूर नसलेल्या नवापुरात बर्ड फ्लू निघाला, देशातला पहिलाच, आणि तेथल्या साऱ्या कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. तेव्हापासून मेलेली कोंबडी म्हटली की लोकांच्या पोटात गोळा येतो. तो अवाजवीही नव्हे; दोन्ही रोगांची लक्षणे मिळतीजुळती असतात आणि खात्री प्रयोगशाळेतच होते. म्हणून तर अशी कोंबडी घरी कापून पाहू नये, आणि असे काही आढळले तर कळवावे, असे बंधन २००९ च्या कायद्याने घातलेले आहे. पण आम्हांला भय होते ते आरवण्याची वेळ विचारणाऱ्यांचे. त्यांना आयतेच निमित्त मिळाले असते. शाळेत साऱ्या गावाला शिस्त सांगणारा माणूस घरी तोंड मिटून बसला.

आणि त्या शुक्रवारी आम्ही खुराडे झाडून घेतले व ती घाण गल्लीच्या टोकाच्या उकिरड्यावर टाकली.

त्या उकिरड्यापलीकडे एक गुजराती बाई राहतात. सारी गल्ली त्यांना मासी म्हणते. त्यांच्या एकोणीस कोंबड्या होत्या आणि त्यांच्या अंड्यांवर त्यांचा संसार चाले. त्या कोंबड्या त्याच उकिरड्यावर चरत. गुरुवारी त्यांची पहिली कोंबडी बसली. हा रोग अंगात शिरल्यापासून दिसू लागेपर्यंत साधारण पाच-सहा दिवस घेतो. हे वाचल्यावर आम्ही बोटांवर दिवस मोजले. शुक्रवार ते गुरुवार.

आम्ही गेलो तेव्हा सतरा मेल्या होत्या. मासी ओट्यावर बसल्या होत्या. आम्ही रोगाचे नाव सांगितले, चुन्यासकट खोल खड्ड्यात पुरावयास सांगितले, खुराडे धुऊन चुना फासून दोन महिने रिकामे ठेवण्यास सांगितले; जे जे पशुवैद्यांनी आम्हांला सांगितले होते ते सारे. त्यांनी ते ऐकून घेतले. मग विचारले, "साहेब, तमने क्यारे खबर पडी?"

आम्ही म्हणालो, "बुधवारे." कोणता बुधवार, ते त्यांनी विचारले नाही आणि आम्ही सांगितले नाही.

त्यांना आम्ही पिल्ले आणून दिली. त्यांनी ती मोजून घेतली आणि पैसे देऊ केले. आम्ही ते घेतले नाहीत, तेव्हा पुढे काही महिने दर रविवारी आमच्या ओट्यावर चार अंडी ठेवलेली असत.

टोचणीच्या लशीची अडचण अशी की, तिची कुपी निदान शंभर पक्ष्यांसाठी येते, बर्फात ठेवावी लागते, आणि एकदा कालविली की तास-दोन तासांत संपवावी लागते. बारा कोंबड्यांच्या धन्याने एकट्याने ती आणून काय करावे? म्हणून वर्षातून दोनदा आम्ही गल्लीत घरोघर जातो. कोणाकडे किती कोंबड्या, ते वहीत लिहितो. जेथे रस्सा शिजत नाही त्या घरीही, अमुक दिवशी सकाळी गडबड होईल, असे आधी सांगून येतो. गेल्या खेपेस त्र्याऐंशी पक्षी झाले. थरमास आमच्या हातात, सुई पशुवैद्यांच्या. मासी एकेक कोंबडी पंखांजवळ धरून पुढे करतात, त्यांच्या हातात ती फडफडत नाही. आई आता ऐंशीच्या पुढे आहे. ती खुर्ची टाकून बसते आणि कोणाची टोचायची राहिली, ते आमच्या वहीच्या आधी सांगते.