तोक्योचा भाडोत्री सोबती

तोक्योच्या शिंजुकु स्थानकावरून पश्चिमेकडे जाणाऱ्या चूओ मार्गावर कोकुबुंजी हें स्थानक लागतें. २०२३ सालच्या शरदांत आम्ही तिकडे गेलों, तेव्हां डबा मुंबईच्या लोकलसारखाच भरलेला होता. पण एक शब्द ऐकूं येईल तर शपथ! गाडींत टेलिफोनवर बोलणें तेथें असभ्य मानतात. मुंबईस एवढ्या वेळांत आम्हांस चार बिऱ्हाडांच्या कुळकथा कळल्या असत्या.

या कोकुबुंजीचें नांव आम्हांस ठाऊक झालें तें शोजी मोरिमोतो या गृहस्थांमुळें. पूर्वीं ते एका प्रकाशनसंस्थेंत नोकरीस होते, आणि 'तुम्ही कांहींच करीत नाहीं' असा ठपका तेथें त्यांच्यावर येई. २०१८ सालीं त्यांनीं त्याचाच व्यवसाय केला! सोबत बसावें, खावें-प्यावें, विचारल्यास दोन शब्दांत उत्तर द्यावें. यापलीकडे कांहीं नाहीं. प्रारंभीं कोकुबुंजीपासूनचें गाडीभाडें व खाण्याचा खर्च एवढेंच घेत. पुढें एका भेटीस १०,००० येन घेऊं लागले. शीतकपाट हलविण्याचें काम आलें, तें मात्र त्यांनीं नाकारलें. तें 'करणें' झालें ना!

घटस्फोटाचे कागद दाखल करतांना कोणी त्यांस सोबत नेलें. एका तरुण स्त्रीस आपली भारतीय साडी नेसून बाहेर पडावयाचें होतें. मैत्रिणींस संकोच वाटेल म्हणून तिनें या परक्या माणसास बोलाविलें.

निघण्यापूर्वीं आम्हीं घरीं हें सांगितलें, तेव्हां सगळे हंसले. "माणूस भाड्यानें आणावा लागतो, काय ही दशा!" वहिनी म्हणाल्या. आम्हीही हंसलों.

परंतु कोकुबुंजीच्या फलाटावर निराळेंच आठवलें. तीर्थरूप वारले तेव्हां तेराव्यापर्यंत आमच्या घरांत अठरा माणसें होतीं. इस्पितळ बदलावयास हवें होतें, अमुक वैद्यास दाखवावयास हवें होतें, असें प्रत्येकजण आईस सांगे. आम्हीही सांगत असूं. रात्रीं ती मागल्या पडवींत जाऊन बसे. भांडीं घासणाऱ्या बाई काम आटोपून तिच्यापासून हातभर अंतरावर बसत. दोघी बोलत नसत. तिसऱ्या रात्रीं आम्हांस तें कामचुकारपणाचें वाटलें.

"काम झालें असेल तर घरीं जा," आम्हीं बाईंस म्हटलें.

बाई पदर सांवरून गेल्या. आई कांहीं बोलली नाहीं. थोड्या वेळानें उठून ती आंत आली, आणि आत्याबाई पुन्हां त्या वैद्याविषयीं सांगूं लागल्या.